वयाचा रकाना

बाबा गेल्यानंतरचं हे पहिलंच टेबल. त्यामुळे पेले किती मांडायचे, इथूनच प्रश्न सुरू झाला.

आत्यानं चार मांडले. मग कपाटातून पाचवा काढला, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला, डाग नव्हता तरी पुसला, आणि रांगेच्या टोकाला पालथा ठेवला. ज्या नमुन्याचा निकाल अजून लागला नाही, त्याचा पेला ती लॅबमध्येही असाच पालथा ठेवत असे.

तिला आत्या म्हणण्याचा हक्क खरं तर जगात एकाच माणसाला होता, धाकट्या भावाच्या मुलीला. पण ती मुलगी दूरदेशी जन्मली आणि फोनवरून बातमी आली, त्या दिवसापासून सगळं घरच तिला आत्या म्हणू लागलं. सात वर्षांनी मोठा असलेला दादासुद्धा. एकोणीस वर्षांत ते नाव इतकं मुरलं, की बँकेत कुणी तिचं खरं नाव पुकारलं तर ती आधी मागे वळून बघे. दादा-वहिनींना मूल नव्हतं, आत्यानं लग्न केलं नव्हतं. तेव्हा घराची पुढची पिढी म्हणायची ती एवढी एक मुलगी. आणि ती आज बापाबरोबर विमानतळावरून येत होती.

टेबल म्हणजे वर्षातली एक दुपार. सफरचंदाची वाइन करणाऱ्या या घरात, नवा हंगाम सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिश्रणाच्या खोलीत बसायचं, त्या वर्षीच्या पिंपांतले नमुने चाखायचे, आणि जो काही प्रश्न असेल तो मतानं सोडवायचा. बाबांनी त्यासाठी एक जाड वही घातली होती. पहिल्या पानावर तीन नियम होते, त्यांच्या उभट अक्षरात. ज्याला कायद्यानं पिता येतं, त्याला मत. प्यायल्याशिवाय मत नाही. मतं सारखी पडली तर घरात जो थोरला, त्याचं मत दोनदा मोजावं. पुढच्या पानांवर नाव, मत आणि सही. माणूस पहिल्यांदा बसला की त्याच्या नावापुढं वयाचाही रकाना भरायचा, आणि तो बाबा स्वतः भरत.

यंदाचा प्रश्न दादानं आठ दिवस आधीच कागदावर लिहून सगळ्यांना दिला होता. येत्या हंगामापासून आंबवणं बंद. रस काढायचा, गाळायचा, बुडबुडे भरायचे, बाटलीबंद करायचा. पाचही टाक्या उपसून काढून टाकायच्या. लॅबचं काय, ते कागदात लिहिलेलं नव्हतं. पण ज्या कारखान्यात काही आंबतच नाही तिथं आंबण्यावर नजर ठेवणारं माणूस कशाला लागेल, हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

दादाच्या बाजूनं दादा आणि वहिनी. आत्याच्या बाजूनं आत्या आणि धाकटा. म्हणजे दोन-दोन, आणि आता थोरला दादाच. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथं मुखं चारच होती आणि त्यांतलं एक दोनदा बोलणार होतं. पाचवं मुख हवं होतं.

*

दादाला समजून घ्यायचं तर त्याच्या ऑफिसातला नकाशा बघावा लागे. भिंतभर जग, आणि जगावर टाचण्या. हिरवी टाचणी म्हणजे सोळाव्या वर्षी वाइन पिता येते असा देश. पिवळी अठरा. निळी एकोणीस किंवा वीस. लाल एकवीस. काळी टाचणी म्हणजे त्या बंदरात बाटली उतरवायचीच नाही. उत्तरेकडच्या एका देशाला पिवळी आणि निळी अशा दोन टाचण्या एकाच भोकात खोचलेल्या, कारण तिथं हॉटेलात बसून प्यायला अठरा पुरत, पण तीच बाटली सरकारी दुकानातून घरी न्यायची तर वीस. आणखी एका देशात प्रांताप्रांताला वय वेगळं. नदीच्या या काठाला अठरा, पूल ओलांडला की एकोणीस. माणूस पुलाच्या मध्यावर उभा राहून प्यायला तर काय, असं आत्यानं एकदा विचारलं होतं. दादानं मान वर न करता सांगितलं होतं, की पुलावर आपला वितरक नाही.

त्यानं हे सगळं कौतुकानं शिकलेलं नव्हतं. चोवीस वर्षांचा असताना त्याला मिश्रणाच्या खोलीतून उचलून या खोलीत बसवलं होतं, आणि बत्तीस वर्षं तो इथंच होता.

वहिनी बाटल्या भरण्याच्या आणि पॅकिंगच्या हॉलमध्ये होत्या. आत्या सकाळी तिकडे गेली, ती मत फिरवता येतंय का बघायला. वहिनींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मत दिलं नाही. गेल्या वर्षी वीसच्या देशात अठराच्या लेबलाची खेप गेली होती. सगळी परत आली. वहिनी आणि चार बाया अकरा दिवस कोमट पाण्यात बाटल्या भिजवून लेबलं खरवडत बसल्या. गोंद फार चिवट होता. तो वहिनींनीच निवडून आणला होता, आणि निवडला तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती.

“आत्या, मी तुमच्या विरुद्ध नाही,” वहिनी म्हणाल्या. “मी लेबलांच्या विरुद्ध आहे. रसाला एकच लेबल. सहा महिन्यांच्या बाळानं प्यावं, सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यानं प्यावं. कुठल्याही देशात.”

आत्यानं पाणी संपवलं आणि ती परत आली.

*

धाकटा आणि पुतणी बाराच्या सुमारास आले. धाकट्यानं आल्या आल्या दादाच्या ऑफिसात डोकावून ‘टाक्या विकल्यास का रे?’ असं विचारलं, त्यावर दादानं ‘तुझ्या मताची वाट बघतोय’ असं सांगितलं, आणि दोघा भावांचं दोन वर्षांतलं बोलणं तिथं संपलं. धाकट्याला वाइनचं फार काही कळत नसे. तो शाळेत भूगोल शिकवायचा. पण परदेशात त्याच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो कारखान्याची बाटली दाखवायचा, आणि ती बाटली रसाची झाली तर आपण नक्की कोण, असा त्याला प्रश्न पडला असावा.

पुतणी झोपायला न जाता सरळ लॅबमध्ये आली. उंच, केस आखूड, डोळे तांबारलेले. स्टूल ओढून बसली आणि मोजनळ्यांकडे पाहत राहिली. ती तिकडे कॉलेजात शिकत होती आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एका पबच्या काउंटरवर काम करत होती. आत्यानं विचारलं, की वयाचं तिथं कसं काय बघतात. खरं म्हणजे हे तिला माहीत होतं. मुलगी कुठल्या बाजूनं बोलते ते तिला ऐकायचं होतं.

आमच्याकडे अठरा, पुतणी म्हणाली, पण पंचविशीच्या आतलं कुणी दिसलं की कार्ड मागायचंच. परवा एका बाईंना मागितलं, त्या निघाल्या चौतीसच्या. इतक्या खूश झाल्या, की जाताना चॉकलेट देऊन गेल्या. मग एक सैनिक आला होता, सुट्टीवरचा, वीस वर्षांचा. त्याच्या देशात बंदूक अठराव्या वर्षी देतात आणि पेला एकविसाव्या. आयुष्यातला पहिला कायदेशीर पेला म्हणून त्यानं फोटो काढून घेतला, घोट घेतला, आणि म्हणाला, ‘एवढंच?’

आत्या हसली.

“आणि एक सतरा वर्षांची मुलगी,” पुतणी म्हणाली. “कुठल्या तरी सोळावाल्या देशातली. मला म्हणते, मी तिकडे वर्षभर पितेय. मी म्हटलं, मग तिकडे जाऊन पी.”

आत्या यावरही हसली. आपल्याला हवा तो आकडा माणसाला आधी दिसतो, असं ती लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या मुलींना दर वर्षी सांगत असे. त्या दुपारी तिनं स्वतः ते ऐकलं नाही.

तिनं दुपारचे नमुने काढले आणि पुतणीला नुसता वास घ्यायला सांगितलं. वास घ्यायला कुठल्याच देशात वय लागत नाही. पुतणीनं पहिल्या दोन पेल्यांवर काही सांगितलं नाही. तिसऱ्यावर थांबली, बाजूला तोंड करून श्वास सोडला, पुन्हा नाक नेलं.

“आत्या, यात ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. माळ्यावर पुठ्ठ्याची खोकी भिजली की येतो ना, तसा.”

तिसऱ्या पिंपात बुरशीचा दोष होता. तो आत्याच्या यंत्रानं परवा पकडला होता आणि तिनं अजून कुणालाही सांगितला नव्हता. आत्यानं फक्त ‘लिहून ठेव’ म्हटलं. पण तिच्या मनात त्या क्षणी टाक्या राहिल्या, लॅब राहिली, आणि लॅबमध्ये तिच्यानंतर कोण, तेही ठरलं. नाक होतं. बाबांचं नाक एक पिढी ओलांडून आलं होतं.

पुतणीनं नोंदवहीत घाईनं तीनऐवजी चार लिहिलं आणि चूक कळताच ती गिरगटायला लागली. आत्यानं तिचा हात धरला.

“असं नाही. एकच आडवी रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, तारीख, सही.”

“चुकीचा आकडा कशाला दिसायला हवा?”

“चूक झाली होती हे कळायला.”

पुतणीनं तसं केलं. आत्या ते बघत उभी होती. इतकी वर्षं या खोलीत तिनं एकही आकडा गिरगटला नव्हता. चुकीचा माहीत असूनही तसाच सोडलेला मात्र एक होता, पण तो या वहीत नव्हता.

*

चार वाजता सगळे बसले. मिश्रणाच्या खोलीत एकच लांब टेबल, पांढऱ्या फरशीचं, म्हणजे वाइनचा रंग खरा दिसावा. बाबांची खुर्ची टोकाला. दादा तिच्यात न बसता तिच्या शेजारी बसला. वही त्याच्यासमोर होती. वहिनी त्याच्या उजवीकडे, समोर आत्या आणि धाकटा. पुतणी पालथ्या पेल्यापाशी उभीच होती, हात मागे बांधून, एखादीला वर्गात उशिरा घेतल्यासारखी.

धाकट्यानं सुरुवात केली. त्यानं पुतणीचा पासपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला.

“पासपोर्ट उचल,” दादा म्हणाला. “टेबल ओलं आहे.”

धाकट्यानं उचलला, पुसला आणि हातात धरून बोलला. ती तिकडची नागरिक आहे. तिकडच्या कायद्यानं ती सोळा महिन्यांपूर्वीच वयात आली. बाबांनी वहीत कायदा म्हटलंय, कुठल्या देशाचा ते म्हटलेलं नाही.

“तुमच्याकडे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालतात,” दादा म्हणाला. “आज विमानतळावरून कुठल्या बाजूनं आलास?”

वहिनी खाली बघून हसल्या. धाकट्यानं पासपोर्ट खिशात घातला. उत्तर सुचलं असतं तरी ते भूगोलाचं असतं.

आता आत्याची पाळी होती. ती तयारी करून आली होती. कायदा विक्रीबद्दल बोलतो, ती म्हणाली. इथं विक्री नाही, घरचं टेबल आहे, घोटभर नमुना आहे. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, की कारखान्याच्या परवान्यावर तांत्रिक जबाबदार म्हणून सही कुणाची आहे. तिचीच होती. परवान्याच्या चौथ्या कलमात आवारात एकवीसच्या आतल्या कुणालाही देऊ नये असं आहे ना, असंही त्यानं विचारलं. होतं. त्यात विक्री हा शब्द आहे का? नव्हता. धाकटा मध्येच म्हणाला, की मग तिला वासावर मत देऊ द्या. दादानं वहीचं पहिलं पान त्याच्याकडे वळवलं आणि दुसऱ्या नियमावर बोट ठेवलं.

खोलीत टाकीच्या झडपेचा आवाज येत होता, थांबून थांबून, कुणी आवंढे गिळत असल्यासारखा. वरच्या फळीवर जुने नमुने ओळीनं होते. प्रत्येक टेबलाला जे ठरलं त्याची एक बाटली, आणि जे नाकारलं त्याचीही एक. तिच्याच हातानं लावलेली बुचं.

“बरं,” दादा म्हणाला. “बसू दे तिला. मी आड येणार नाही.”

आत्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. वहिनींनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना हे माहीत नव्हतं, एवढं दिसलं.

दादानं वहीची पानं मागे नेली. शोधावं लागलं नाही. वही त्या पानाशी आपसूक उघडली, जिथं ती पुष्कळदा उघडली गेली असावी. बत्तीस वर्षांपूर्वीचं टेबल. त्या वर्षी दादानं आयुष्यातलं पहिलं मिश्रण केलं होतं, बाबांच्या कोरड्या वाइनपेक्षा गोड, नव्या पिढीला आवडेल असं. ते बाजारात न्यायचं की नाही, हा प्रश्न होता. बाजूनं दादा आणि तेव्हा हयात असलेली आई. विरुद्ध बाबा, आणि बाबांच्या नावाखाली आत्या, पहिल्यांदाच बसलेली. दोन-दोन. थोरले बाबा, त्यांचं मत दोनदा. मिश्रण नाकारलं गेलं, दादा नकाशाच्या खोलीत गेला, आणि त्याची जागा पुढे पदवी घेऊन आलेल्या बहिणीला मिळाली.

दादानं वही टेबलावरून सरकवली. त्याचं बोट वयाच्या रकान्यावर होतं. तिथं बाबांच्या उभट अक्षरात ‘१८’ होतं.

“तेव्हा इथं अठरा चालायचं,” तो पुतणीला म्हणाला, पाहुण्याला घर दाखवावं तसं. “एकवीस नंतर झालं. तुझ्या आत्याला त्या दिवशी अठरा व्हायला चार महिने कमी होते. आजोबांना एक मत कमी पडत होतं. तर त्यांनी रकाना भरला. आपण एकवीस लिहू. पद्धत आहे आपल्याकडे.”

“दादा, तू हे कधी बोलला नाहीस,” धाकटा म्हणाला.

“विचारलं कुणी?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. आत्याला राग सोपा गेला असता. बत्तीस वर्षं तिनं स्वतःची समजूत घातली होती, की त्याच्या लक्षात आलं नसेल. पण बहिणीच्या वाढदिवसाला ज्यानं सायकलवरून केक आणला, त्याला चार महिने मोजता येणार नाहीत, असं कसं होईल? आईच्या लक्षात होतं. बाबांना तर माहीतच होतं. झाकली मूठ होती, आणि ती सगळ्यांनी मिळून झाकली होती.

पुतणी आत्याकडे बघत होती. मग तिनं पालथा पेला उचलून सुलटा केला आणि आत्यासमोर ठेवला.

“आत्या, मी काउंटरवर असते तर मला दिला नसता,” ती म्हणाली. “पण एकच घोट आहे. तुला हवं असेल तर घेते. तू सांग.”

मुलीचा हात पेल्याच्या देठावर होता. नखं आखूड कापलेली, अंगठ्याला बाटलीच्या झाकणाचा जुना ओरखडा. आत्याला सतराव्या वर्षीचा स्वतःचा हात आठवला नाही. असं काही आठवलं असतं तर बरं झालं असतं. तिला आठवलं ते वेगळंच. त्या दिवशी तिला कुणी ‘तू सांग’ म्हटलं नव्हतं, आणि तिनंही काही विचारलं नव्हतं. वाइन कशी होती, हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं. बाबा आपल्याकडे बघताहेत, एवढंच तिनं प्यायलं होतं.

ही मुलगी वाइनसाठी पेला धरून उभी नव्हती. आत्यासाठी उभी होती. तिचं मत आत्याचंच मत होतं, फक्त दुसऱ्या तोंडातून.

आत्यानं पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा पालथा ठेवला.

“हिचं मत नाही,” ती म्हणाली. “वय कमी आहे.”

धाकटा खुर्चीतून अर्धा उठला. ‘ताई, हरतेस तू,’ म्हणाला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ताई. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. खिशातून पेन काढलं, वही पुढे ओढली, आणि ‘१८’ वरून एक आडवी रेघ मारली. सरळ, पातळ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ‘१७’ लिहिलं. आजची तारीख. सही.

शाई वाळेपर्यंत दादा त्या रेघेकडे बघत राहिला.

“म्हणजे त्या वर्षी दोनास एक होतं,” अखेर तो म्हणाला. “माझ्या बाजूनं.”

“हो.”

“ते मिश्रण बाजारात जायला हवं होतं.”

“नियमानं, हो.”

ती उठली, स्टूल लावलं आणि वरच्या फळीच्या डाव्या टोकाची बाटली काढली. चिठ्ठीवरची शाई तपकिरी झाली होती, अक्षर शाळकरी होतं. जिच्या विरुद्ध तिनं मत दिलं, तीच वाइन बाबा फेकायला निघाले होते, आणि त्यांच्या हातून घेऊन तिनं तिला बूच लावलं होतं. तिनं ठेवलेला तो पहिला नमुना. बाकीची सगळी फळी त्याच्यानंतर भरली. दादाला तो तिथं आहे हे ठाऊक नव्हतं. त्यालाही ठाऊक नसलेली एखादी गोष्ट आहे, याचं आत्याला उगाच बरं वाटलं.

बूच तुटलं. वहिनींनी चहाच्या गाळणीनं गाळून चार पेल्यांत ओतलं. पाचवा पालथाच राहिला, आणि पुतणीनं फक्त वास घेतला. पिकलेला मध, ती म्हणाली, आणि जुनं लाकडी कपाट. सफरचंद कुठंय?

दादानं घोट घेतला. तोंडात बराच वेळ ठेवला, गालाच्या एका बाजूनं दुसरीकडे नेला, जसं बाबांनी तिघांना शिकवलं होतं. बत्तीस वर्षं नकाशाच्या खोलीत बसून तो ते विसरला नव्हता.

“साखर जास्त झाली होती,” तो म्हणाला.

“हो.”

“बाजारात पडली असती.”

“बहुतेक.”

“तरी सतरा.”

“तरी सतरा,” आत्या म्हणाली.

मग मतं झाली. यंदाचे नमुने चाखले गेले, तिसऱ्या पिंपाचा दोष पुतणीच्या नावानं नोंदला गेला, आणि मुख्य प्रश्नावर अपेक्षेप्रमाणे दोन-दोन झालं. आंबवणं बंद, दादा आणि वहिनी. चालू, आत्या आणि धाकटा. सगळ्यांच्या सह्या झाल्या. आता दादानं आपलं मत दुसऱ्यांदा लिहायचं होतं. त्यानं पेन उचललं, आणि पुतणीला तिची जन्मतारीख विचारली. तिनं सांगितली. दादानं बोटांवर महिने मोजले.

“वीस महिने,” तो म्हणाला. “चार टाक्या उपसा. एक राहू दे. रसाची तयारी मी सुरू करतो. माझं दुसरं मत मी वीस महिन्यांनी टाकीन, ही बसेल त्या टेबलाला.”

“असं चालतं?” धाकट्यानं विचारलं.

“कधीपर्यंत टाकावं, ते बाबांनी लिहिलेलं नाही.”

वहिनींनी गाळणी धुऊन आणली होती. त्या दारातच थांबल्या. “आणि वीस महिने मी कुठली लेबलं लावू?” त्या म्हणाल्या. “दोन्ही?”

“दोन्ही,” दादा म्हणाला.

“मग गोंद तुम्ही आणा.”

दादानं वही मिटली नाही. उघडीच आत्याकडे सरकवली आणि जन्मतारीख समासात लिहायला सांगितली. त्याचं अक्षर घाईचं, उद्या कुणी वाचायला नको चुकीचं. आत्यानं ती लिहिली. लिहून झाल्यावर पुतणीकडे वही फिरवली आणि आकडा तपासायला सांगितला. पुतणीनं बोट ठेवून एकेक अंक वाचला.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

चार टाक्यांच्या झडपा उद्या सकाळी उघडायच्या, असं ठरलं. पाचवीची आत्यानं जाण्यापूर्वी स्वतः जाऊन तपासली.